जमिनीच्या व्यवहारात वकिलाचे काम काय? हळर्णच्या निमित्ताने

पेडणे तालुक्यातील हळर्ण हे शापोरा नदीकाठचे गाव इतिहासात त्याच्या किल्ल्यामुळे ओळखले जाते. १७४६ साली पोर्तुगिजांनी हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकला आणि त्या विजयाबद्दल तत्कालीन व्हाइसरॉयला हळर्णच्या नावाचा किताब मिळाला. पुढे किल्ल्याचे व भोवतालच्या मुलखाचे धनी बदलत राहिले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे महाल नव्या काबिजादीत कायमचा समाविष्ट झाला. जमीन खरेदी-विक्रीची माहिती घेताना हा इतिहास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु राज्य बदलले म्हणून जमिनीचे जुने कागद रद्द झाले नाहीत. एखाद्या वाड्यावरील पेटीत मोडीतला कागद, पोर्तुगीज नोटारीच्या वहीतील उतारा आणि मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणाचा उतारा एकत्र सापडतात, आणि तिन्हींतील नावे जुळतातच असे नाही.

मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि किनाऱ्यापुरती मर्यादित असलेली जमिनीची विचारणा तालुक्याच्या आतल्या गावांपर्यंत पोहोचली. ज्या कुटुंबांनी आयुष्यात एकही विक्रीखत केलेले नाही, त्यांच्या दारात दलाल येऊ लागले. मालमत्तेच्या व्यवहारात वकील नेमके काय करतो, तो कोणाचा असतो आणि त्याच्याकडे केव्हा जावे, हे प्रश्न त्यामुळे या भागात व्यवहाराचे झाले आहेत.

मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात कायदेशीररीत्या जावी यासाठी मालकी तपासणे, करार लिहिणे, पैसे व ताबा यांचा क्रम ठरवणे आणि दस्त नोंदवणे ही कामे करावी लागतात. इंग्रजी कायद्यात त्यांना मिळून ‘कन्व्हेयन्सिंग’ असे नाव आहे. इंग्लंडमध्ये ती सॉलिसिटर करतात, किंवा केवळ याच कामाचा परवाना असलेले व्यावसायिक करतात. भारतात अशी वेगळी वर्गवारी नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचा एकच वर्ग मानला. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा व परंपरा टिकून आहे, तो अपवाद. गोव्यात पेडणे, म्हापसा किंवा डिचोली येथे दिवाणी दावे चालवणारे वकीलच खरेदी-विक्रीचे कागदही पाहतात. यांतील काहींचा हात पोर्तुगीज दस्तऐवजांवर बसलेला असतो, काहींचा नसतो. वकील निवडताना विचारावयाचा पहिला प्रश्न तोच असावा.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

इंग्लंडमध्ये भूनोंदणी कार्यालयात नाव लागले की त्या मालकीच्या पाठीशी राज्य उभे राहते. भारतातील व्यवस्था वेगळी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदवला जातो तो दस्त. शंभर रुपयांहून कमी नसलेल्या किमतीच्या स्थावर मालमत्तेचे विक्रीखत नोंदवणे सक्तीचे आहे आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांत ते उपनिबंधकापुढे हजर करावे लागते. तेथे पाहिले जाते ते मुद्रांक शुल्क भरले का, पक्षकार तेच आहेत का, साक्षीदार आले का. विक्रेता त्या जमिनीचा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा उपनिबंधक करीत नाही. तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच स्पष्ट केले की नोंदणी अधिकाऱ्याला विक्रेत्याचा मालकी हक्क तपासण्याचा अधिकार नाही. म्हणजे पूर्ण शुल्क भरून, अंगठे व छायाचित्रे देऊन, शिक्क्यांसह नोंदवलेले विक्रीखतही पोकळ असू शकते. हक्काची तपासणी कोणी करायची असेल तर ती खरेदीदाराने, आणि त्याच्या वतीने त्याच्या वकिलाने.

गोव्यात या गैरसमजाला एक जुने कारणही आहे. पोर्तुगीज अमलात नोटारी हा वजनदार सरकारी अधिकारी असे. खरेदीखत त्याच्यासमोर, त्याच्या वहीत लिहिले जाई आणि त्या वहीतील उताऱ्याला सार्वजनिक दस्तऐवजाचा मान असे. आजचा नोटरी हा १९५२ च्या कायद्याखालचा. तो सही कोणी केली एवढे साक्षांकित करतो. नाव एकच राहिले, अधिकार बदलला. जुन्या पिढीतील अनेक जण आजही ‘नोटरीकडे कागद केला आहे’ असे निर्धास्तपणे सांगतात. असा कागद म्हणजे विक्री नव्हे. विक्रीचा नुसता करार मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच म्हटले आहे. आणि मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र एकत्र बांधून केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले.

एक-चौदाचा उतारा वाचताना

गावात जमिनीची चौकशी ‘एक-चौदा’पासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली सत्तरच्या दशकात गावोगाव सर्वेक्षण झाले आणि नमुना एक व चौदा तयार झाला. त्यात सर्वे क्रमांक व पोटविभाग, जमिनीचा प्रकार म्हणजे जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड, मग कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव आणि शेवटी ‘इतर हक्क’ असे रकाने असतात. खरेदीदाराची नजर कब्जेदाराच्या नावावर खिळते. अनुभवी वकील उलट बाजूने, शेवटच्या रकान्यापासून वाचतो.

कारण हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकीचा दस्त नाही. सर्वेक्षणाच्या वेळी जो समोर होता त्याचे नाव लागले. मुंबईला किंवा आफ्रिकेला गेलेल्या भावाचे राहून गेले, असे प्रकार गोव्यात सर्वत्र आहेत. म्हणून वकील एक-चौदाच्या मागे जातो. पोर्तुगीज भूनोंदणीतील मालमत्तेचे वर्णन आणि त्या वर्णनावर कोणाच्या नावाची नोंद आहे, करासाठी ठेवलेल्या मात्रीजमध्ये कोणाचे नाव होते, त्या नावापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत हक्क कोणत्या दस्ताने आला, याची साखळी तो जुळवतो. जुन्या वर्णनात सर्वे क्रमांक नसतो. ‘पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याचे भाट’ अशा चतुःसीमा असतात. तो ओहोळ आज कोणत्या सर्वे क्रमांकाच्या कडेला येतो, हे कचेरीत बसून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर जावे लागते आणि गावातील जाणत्यांना विचारावे लागते. नव्या काबिजादीतील अनेक जमिनींचे असे वर्णन कधी नोंदवलेच गेले नाही, तेव्हा काम आणखी बिकट होते. हस्तलिखित पोर्तुगीज वाचणारे लोक आता थोडे उरले आहेत. भाषांतर कोणी केले, हेही म्हणून तपासावे लागते.

जून २०२२ मध्ये गोवा सरकारने जमीन बळकाव प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले आणि नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसवला. आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. या प्रकरणांची पद्धत बहुतेक सारखी होती: मालक परदेशी किंवा मृत, वारस दूर, आणि पोर्तुगीज काळातील म्हणून दाखवलेला बनावट दस्त. चर्चा मुख्यतः बार्देशमधील गावांची झाली. पण ज्या जमिनीचा मूळ कागद आजचे खरेदीदार वाचू शकत नाहीत, अशी जमीन पेडण्यात व डिचोलीतही आहे. केवळ प्रमाणित प्रत पाहून समाधान न मानता मूळ वहीतील नोंद, तिचे आधीचे व नंतरचे पान पाहणारा वकील अशा वेळी उपयोगी पडतो.

कूळ आणि मुंडकार

उताऱ्यावर कुळाचे नाव असेल तर व्यवहाराचे स्वरूपच बदलते. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कसणारे कूळ त्या जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले. भाटकाराचे नाव कब्जेदार म्हणून अजून दिसत असले तरी विकण्यासारखे त्याच्या हाती फारसे उरलेले नसते. उलट कुळाने मामलेदाराकडून खरेदीची प्रक्रिया पूर्ण करून घेतली असेल, तरी ती जमीन मामलेदाराच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही आणि १९९१ च्या भूवापर नियमन कायद्यामुळे तिचा वापर शेतीखेरीज अन्य कारणासाठी करता येत नाही. तेथे बंगला बांधण्याचे स्वप्न दाखवणारा दलाल ही गोष्ट सांगत नाही.

मुंडकाराचे प्रकरण अधिक नाजूक. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीतील राहत्या घराला संरक्षण दिले आणि घर व सभोवतालची जागा, ग्रामपंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. पेडणे तालुक्यात देशप्रभूंसारख्या मोठ्या जमीनदारांची नावे कित्येक सर्वे क्रमांकांवर आहेत आणि त्याच जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घरे आहेत. मुंडकाराचे नाव ‘इतर हक्क’ रकान्यात नसेल, खटला मामलेदाराकडे पडून असेल, तरी घर तर उभे असतेच. खरेदीदाराचा वकील सर्वेच्या नकाशावरील घरांच्या खुणा आणि प्रत्यक्ष घरे पडताळून पाहतो. पण येथे केवळ खरेदीदाराचे हित गुंतलेले नाही. ज्याचे घर दुसऱ्याच्या जमिनीत आहे, त्याने आपली नोंद व घरखरेदीचा अर्ज पूर्ण करून घेण्यासाठी वकिलाकडे जाणे हेही मालमत्ता व्यवहाराचेच काम आहे. भाट विकले गेल्यावर नव्या मालकाच्या कुंपणाआडून ते करणे फार कठीण जाते.

कोमुनिदादची आफ्रामेंतवर दिलेली जमीन, देवस्थानाची जमीन आणि सरकारने दिलेली आल्वारा जमीन यांना प्रत्येकी आपापले नियम व परवानग्या आहेत. ‘कब्ज्यात आहे’ या एका शब्दावर त्यांचा व्यवहार करू नये, एवढे येथे पुरे.

सह्या किती लागतात?

गोव्यातील व्यवहार शेजारच्या सिंधुदुर्गाहून सर्वांत वेगळा ठरतो तो येथे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक नियम गोव्यात टिकून आहेत. वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी यांविषयीचा भाग आता राज्याच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची सर्व मालमत्ता, वारशाने आलेली धरून, दोघांची सामाईक होते. जमीन कोणाच्याही नावावर असो, विक्रीखतावर दोघांची सही लागते. दोडामार्ग किंवा सावंतवाडीत सातबारावर एकट्या पतीचे नाव असेल तर पत्नीची सही कायद्याने सहसा आवश्यक नसते. सीमेपलीकडचा विक्रेता किंवा खरेदीदार ही गोष्ट गृहीत धरून येतो आणि हळर्णमध्ये अडकतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका गृहस्थांच्या नावावर १,२०० चौरस मीटर जमीन आहे. पत्नीचे निधन झाले आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी, मुलगी सावंतवाडीला दिलेली. एक-चौदावर अजूनही केवळ वडिलांचे नाव आहे, म्हणून ते एकटे विकू शकतील असे गावात कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पत्नीच्या मृत्यूबरोबर तिचा निम्मा भाग तीन मुलांकडे गेला. वडिलांकडे निम्मे, प्रत्येक मुलाकडे एक षष्ठांश. मुलगे गोव्यात विवाहबद्ध असतील तर त्यांच्या पत्नींचाही त्या वाट्यात हक्क आला, म्हणजे सह्या वाढल्या. मुलीचा विवाह महाराष्ट्रात तेथील कायद्याने झाला असेल तर जावयाची सही लागते की नाही, हे विवाहाची नोंद व अधिवास पाहूनच सांगता येते. सावध वकील शंका उरली तर ती घेऊनच टाकतो. एकट्या वडिलांच्या सहीने झालेल्या विक्रीत खरेदीदाराला मिळते ते फार तर निम्मे. मुलीला सासरी ही विक्री कळते ती कुंपण पडल्यावर.

हे टाळण्यासाठी आधी वारसांचा दस्त करावा लागतो. कोण मृत, कोण वारस, कोणाचा विवाह कोणाशी, याची नोटरीपुढील अधिकृत घोषणा म्हणजे हा दस्त, आणि तिची जाहीर सूचनाही दिली जाते. वाटप हवे असेल व एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही करावी लागते. ‘बहिणीने हक्क सोडला आहे’ असे सांगितले जाते तेव्हाही वकिलाने कागद मागावा. गोव्याच्या कायद्यात वारशाचा त्याग करायचा तर तो विनामूल्य व बिनशर्त असावा लागतो. एका भावाच्या नावे लिहून दिलेली चिठ्ठी त्यात बसत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मधील एका निकालात सांगितले की गोव्याचा अधिवास असलेल्यांच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते. मुंबईतील खोली किंवा बांद्याजवळची बाग विकतानाही हळर्णच्या कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे.

वाटप न झालेल्या जमिनीतील ‘अविभक्त हिस्सा’ विकण्याची प्रथा सध्या वाढली आहे. किंमत कमी असते म्हणून खरेदीदार भुलतो. त्याला हिस्सा मिळतो, जागा मिळत नाही. अमुक कोपरा माझा, असे म्हणण्यासाठी वाटप व्हावे लागते आणि तोवर बाकीचे सहहिस्सेदार त्याला कुंपण घालू देत नाहीत. काही प्रसंगी ते अग्रहक्काचा दावाही करतात. तुकडा पाडूनच विकायचा असेल तर नगर नियोजन कायद्याप्रमाणे पोटविभागणीचा ना हरकत दाखला हवा. त्यावाचून उपनिबंधकाने दस्त नोंदवू नये अशी तरतूद आहे.

बांधता येईल का?

मालकी निर्दोष असूनही जमीन निरुपयोगी ठरू शकते. प्रादेशिक आराखड्यात ती कोणत्या विभागात दाखवली आहे, तिला जाण्यास वाट किती रुंद आहे, बिगरशेती वापराची सनद आहे का, हे वकील दाखले मागवून पाहतो. तिळारी पाटबंधारे प्रकल्पाचे लाभक्षेत्र पेडणे, डिचोली व बार्देश तालुक्यांत पसरले आहे आणि त्या क्षेत्रातील जमिनीच्या शेतीबाह्य वापरावर स्वतंत्र कायद्याची बंधने आहेत. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) व ३९(अ) कलमांखाली झालेले विभाग-बदल न्यायालयात आव्हानित झाले आहेत. त्यामुळे ‘झोन बदलून घेतला आहे’ हे विक्रेत्याचे आश्वासन ज्या आदेशावर उभे आहे तो आदेश आज टिकून आहे का, हे विचारणे वकिलाचे कर्तव्य ठरते.

करार, पैसा, जाहीर नोटीस

तपासणीनंतर वकील हक्कविषयक अहवाल लिहून देतो. तो वाचताना एक वाक्य सोडू नये: ‘मला दाखवण्यात आलेल्या कागदपत्रांवरून’. दाखवला न गेलेला कागद या वाक्याच्या बाहेर राहतो. कोणत्या वर्षापासूनचा शोध घेतला, उपनिबंधकाकडील बोजाचा दाखला किती वर्षांचा आहे, मूळ कागद पाहिले की प्रती, न्यायालयात कोणाच्या नावाने शोध घेतला, हे अहवालात असायला हवे. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाने बांधली जाते, मग खरेदीदाराला दावा ठाऊक असो वा नसो.

दैनिकांच्या आतल्या पानांवर येणाऱ्या ‘अमुक मालमत्ता खरेदी करण्याचा माझ्या पक्षकाराचा मानस आहे’ या नोटिशी बहुतेक वाचक ओलांडून जातात. सर्वे क्रमांक, गावाचे नाव आणि हरकतीची थोडक्या दिवसांची मुदत, एवढाच मजकूर असतो. अशी नोटीस न वाचल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. पण नंतर न्यायालयात भांडण्यापेक्षा मुदतीत एक पत्र पाठवणे किती स्वस्त पडते, हे ज्यांनी म्हापशाच्या न्यायालयात वर्षे घालवली आहेत ते सांगतील. नोकरीनिमित्त गावाबाहेर असलेल्यांनी आपल्या गावच्या नोटिशी पाहण्याची सवय ठेवावी.

करारात पैशाचा क्रम महत्त्वाचा. इसार किती, कोणता दाखला आल्यावर पुढचा हप्ता, हक्कात दोष निघाला तर इसार किती दिवसांत परत, ताबा केव्हा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. इंग्लंडमध्ये खरेदीची रक्कम सॉलिसिटरच्या पक्षकार-खात्यातून जाते, आपल्याकडे ती बहुधा थेट विक्रेत्याला दिली जाते. म्हणून क्रम चुकला तर पैसे परत मिळवण्याचा मार्ग दाव्याचाच उरतो. आणि व्यवहारात सर्वांत मोठी चूक घडते ती वकिलाकडे जाण्याआधीच: दलालाने आणलेल्या साध्या पावतीवर ‘टोकन’ दिले जाते. रोख रकमेविषयीही वकिलाला विचारावे. स्थावर व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. ग्रामीण शेतजमीन वगळता ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरावयाचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर ही ५० लाखांची मर्यादा लागू नसते आणि कपातीचा दरही बराच जास्त असतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या वारसांच्या बाबतीत परकीय चलन व्यवस्थापनाचे नियमही येतात. शेतजमीन तर परकीय नागरिकाला विकत घेताच येत नाही.

विक्रेत्यालाही वकील हवा

वकील म्हणजे खरेदीदाराची गरज, असा समज गावात रूढ आहे. दिल्ली-मुंबईचा खरेदीदार आपल्या वकिलासह येतो, मसुदा त्याचा असतो, भाषा इंग्रजी असते आणि विक्रेता कुटुंबाला ‘येथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. त्या कागदांत पुष्कळदा रद्द न करता येणारे मुखत्यारपत्र असते. पैसे पूर्ण मिळण्यापूर्वी ते दिले की जमीन हातची गेलेलीच समजावी. विक्रेत्याच्या वकिलाने मसुदा मराठीतून वा कोंकणीतून समजावून सांगावा आणि हप्ते पूर्ण झाल्याखेरीज ताबा व अधिकार जाऊ देऊ नयेत.

त्याचे आणखी एक काम आहे, जे कोणत्याही छापील नमुन्यात सापडत नाही. उरलेल्या घराकडे जाणारी पायवाट, सामाईक विहीर, कुळागराकडे जाणारा पाट, राखणदाराचे स्थान, पालखी ज्या वाटेने जाते ती वाट हे सारे विकल्या जाणाऱ्या तुकड्यात असू शकते. शेजारधर्मावर चाललेल्या या गोष्टी एक-चौदावर नसतात. विक्रीखतात त्यांचा हक्क राखून ठेवला, नकाशावर वाट रंगवून तो दस्ताला जोडला, तर त्या टिकतात. नाही तर नव्या मालकाच्या फाटकापाशी वर्षातून एकदा पालखी थांबवून परवानगी मागण्याची पाळी गावावर येते.

दोन्ही पक्षांसाठी एकच वकील, ही व्यवस्था खर्च वाचवणारी वाटते आणि वाद नसेल तोवर चालते. हितसंबंध भिडले की तो वकील एकाचाच राहतो. बँकेचे कर्ज असेल तर बँकेचा वकीलही कागद पाहतो. तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का एवढे पाहतो, खरेदीदाराची वाट मोकळी आहे का हे त्याने पाहावे अशी अपेक्षा करू नये. दलालाने ‘आपल्याच माणसा’चे नाव सुचवले तर त्याची फी कोण देणार, हे विचारावे.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने दरपत्रक कोठे लावलेले नसते. शोध, अहवाल, मसुदा, नोंदणी आणि फेरफार यांपैकी फीत काय काय धरले आहे, हे आरंभीच लेखी घ्यावे. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १४ मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. वकिलाच्या हलगर्जीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे आणि नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे लेखी अहवाल आणि फीची पावती जपून ठेवण्याला महत्त्व आहे.

विक्रीखत नोंदवून झाले की अनेकांना काम संपल्यासारखे वाटते. मामलेदार कार्यालयात फेरफारासाठी अर्ज करून एक-चौदावर नवे नाव लावणे बाकी असते. संबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली तर सुनावणी होते. हा अर्ज वर्षानुवर्षे राहून गेला, मधल्या काळात जुना विक्रेता वारला, त्याच्या वारसांनी उताऱ्यावरचे नाव पाहून तीच जमीन दुसऱ्याला दाखवली, अशा भांडणांचे मूळ या एका अर्जात असते. म्हणून फेरफाराची नोंद झालेला नवा उतारा हाती येईपर्यंत वकिलाची शेवटची फी राखून ठेवण्याची पद्धत काही जण पाळतात. त्यानंतर मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत, पंचायतीत घरपट्टी असेल तर तिचे नाव बदलावे, आणि मूळ विक्रीखत, जुन्या पोर्तुगीज दस्ताची प्रत, तिचे भाषांतर व वकिलाचा अहवाल एकाच पाकिटात ठेवावेत. पुढे मुलांनी जमीन विकायला काढली तर त्यांच्या खरेदीदाराचा वकील पहिल्या भेटीत हेच पाकीट मागेल.